चकाकीचं पहिलं मशीन

दसरा जवळ आला की आमच्या भागातल्या गाड्यांचं नशीब उघडतं. वर्षभर पावसाचा चिखल आणि तांबडी माती अंगावर घेऊन फिरणारी गाडी खंडेनवमीला, म्हणजे आमच्या सासरवाडीच्या भाषेत आयुधपूजेला, एकदम घरची लेक होते. आंघोळ, हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. आणि नेमकं त्याच सुमाराला कोणीतरी मला गाठून विचारतं, "गाडीला घरीच पॉलिश करायचं म्हणतोय, मशीन कोणतं घेऊ?"

उद्यमबागेत रंगकामाच्या शेडमध्ये माझी बावीस वर्षं गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. पूर्वी दोन-चार वर्षांतून एकदा यायचा, आता महिन्याला येतो. मशीन घरपोच मिळतं, ते चालवून दाखवणारे व्हिडिओ फुकट मिळतात आणि रविवार तर हातात असतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिलं मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचं घ्या, रोटरी घेऊ नका. पण नुसतं एवढं सांगून भागत नाही. दुकानात गेल्यावर विक्रेता म्हणतो, "रोटरी घ्या, काम लवकर होतं." ते खोटंही नसतं. म्हणून कारण समजून घ्यायला हवं.

आधी गाडीच्या रंगाकडे बघू. कारखान्यातून आलेल्या आजच्या गाडीवर पत्र्याच्या वर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, असतो. हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या हातात आहे तसला वर्तमानपत्राचा कागद साधारण 60 ते 80 मायक्रॉन जाड असतो. गाडीचा सगळा रंग म्हणजे असले फार तर दोन कागद, आणि त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन, अर्ध्या कागदाच्या आसपास. चमक असते ती या अर्ध्या कागदात. ऊन झेलतो तोही हाच थर. आणि पॉलिश करणं म्हणजे काही लावणं नव्हे, हाच थर थोडा घासून काढणं. ओरखडा असतो तिथपर्यंत आजूबाजूची पातळी खाली आणायची, की ओरखडा दिसेनासा होतो. हलक्या हातानं केलं तर दोन-तीन मायक्रॉन जातात. गेलेले परत येत नाहीत. ते परत आणायचे तर पूर्ण पॅनेल रंगवायचं.

आता मशीनं. रोटरीत पॅड एकाच मध्यबिंदूभोवती गरगर फिरतं, जात्याच्या वरच्या तळीसारखं. मोटरची सगळी ताकद थेट रंगावर. म्हणून ते वेगानं कापतं आणि तितक्याच वेगानं तापतं. एका जागी दोन सेकंद जास्त रेंगाळलं, किंवा बॉनेटच्या कडेवर पॅड तिरकं टेकलं, की क्लिअर कोट जळतो. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर रंगाचा थर मुळातच पातळ बसलेला असतो, हे विसरू नका. शेडमध्ये नवीन पोराला आम्ही आधी सहा महिने भंगारातल्या दारावर रोटरी चालवायला देत होतो, तेव्हा कुठं गिऱ्हाइकाची गाडी त्याच्या हाती. शिवाय रोटरीनं केलेलं काम सावलीत सुंदर दिसतं आणि उन्हात नेलं की त्यावर धुरासारख्या वळ्या उमटतात. त्या घालवायला पुन्हा दुसरा हात मारावा लागतो.

ड्युअल अ‍ॅक्शनची चाल दुहेरी असते. पॅड स्वतःभोवती फिरतं आणि ते फिरता फिरता एका छोट्या वर्तुळात हेलकावतंही. आमच्या आज्जीचा सारवतानाचा हात ज्यांनी बघितला असेल त्यांना हे लगेच कळेल. हात गोल फिरतो, पण एकाच गोलात अडकत नाही, पुढच्या गोलात मिसळत जातो. त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. साध्या ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅडचं स्वतःभोवती फिरणं मोकळं असतं, गिअरनं बांधलेलं नसतं. जास्त दाबलं किंवा कडेवर तिरकं धरलं की ते फिरणं थांबतं, नुसता हेलकावा उरतो. नवख्या माणसाची चूक झाली तर मशीन स्वतःच हात आखडता घेतं. विक्रेता याला कमजोरी म्हणेल. पहिल्या मशीनमध्ये मला तीच कमजोरी हवी आहे.

मोकळ्या फिरण्याची ही गोष्ट ओळखायला एक साधी युक्ती सांगतो. पॅड जिच्यावर चिकटतं त्या रबरी चकतीच्या कडेला मार्करनं एक जाड रेघ ओढा. चालू मशीनमध्ये ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थबकली तर दाब कमी करा किंवा पॅड सपाट धरा. एवढी एक रेघ पाहत राहिलात तर निम्मं काम शिकलात.

गिअरनं सक्तीनं फिरवणारी ड्युअल अ‍ॅक्शन मशीनंही येतात. ती दाबली तरी थांबत नाहीत, कापतात जास्त. ती दुसरं मशीन म्हणून ठीक.

मागच्या श्रावणात मेहुण्याचा धारवाडहून फोन आला. "भाव, याव मशीन तगोळ्ली?" घरात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि वरात अप्पांच्याच गाडीतून निघणार, असं अप्पांनी जाहीर केलं होतं. अप्पा म्हणजे माझे सासरे, वय 81. गाडी 2013 सालची, काळी, अजून कंपनीच्या रंगात, फक्त उजवं मागचं दार एकदा रंगवलेलं. लांबून बघितली तर अजूनही ऐट आहे. जवळ जाऊन मोबाइलची टॉर्च बॉनेटवर धरली तर कोळ्याचं जाळं. प्रकाशाभोवती हजारो बारीक गोल रेघा. मेहुण्याला ते जाळं लग्नाच्या आधी घालवायचं होतं, आणि त्याच्या एका मित्रानं त्याला रोटरी उसनी देऊ केली होती.

मी म्हटलं, उसनी घेऊ नको, मी येतो.

हे जाळं आलं कुठून, हे मला तिथं पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दिसलं. अप्पा जुन्या धोतराचा धुतलेला, घडी केलेला तुकडा घेऊन बाहेर आले आणि गाडी पुसू लागले. कोरडी. रात्रभर बसलेली धूळ, वर कोरडं कापड आणि गोल गोल फिरणारा प्रेमाचा हात. गेली दहा-बारा वर्षं रोज. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळू असते आणि वाळू क्लिअर कोटपेक्षा कठीण. कापड कितीही मऊ असो, त्याखाली अडकलेला कण ओरखडा काढतोच. शहरात बादलीभर पाण्यात एकच फडकं बुडवून दहा गाड्या पुसणारी मुलं असतात, तिथंही हेच होतं.

मेहुणा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अप्पांना सांगू नका हं. त्यांना वाटेल आपणच गाडी खराब केली."

त्याचं म्हणणं मला पटत होतं, पण न सांगून चालणार नव्हतं. मशीननं तीन मायक्रॉन काढून जाळं घालवायचं आणि सोमवारपासून धोतराचा तुकडा पुन्हा सुरू, म्हणजे सहा महिन्यांत जाळं परत. मग पुन्हा तीन मायक्रॉन. असं किती वेळा करणार? म्हणून मशीन विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, तुमची गाडी रोज कोण पुसतं आणि कशानं? याचं उत्तर बदलणार नसेल तर मशीनचे पैसे वाचवा. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं, हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवा. पुसायला जाड मायक्रोफायबर. धूळ असेल तर आधी पाण्याची धार. बोअरचं पाणी असेल तर अंगावर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके बसतात आणि उन्हात ते रंगात उतरतात. बहुतेक गाड्यांचं निम्मं दुखणं इथंच थांबतं.

मशीन घ्यायचंच ठरलं तर काय बघायचं? खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात, लोक तेच बघतात. मी आधी हेलकाव्याचं वर्तुळ बघतो. ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. 8, 15, 21 असे आकडे दिसतील. 21 वाली मशीनं मोठ्या, सपाट पत्र्याला छान, झरझर काम उरकतात. पण आपल्या लहान गाड्यांना वळणं फार, सपाटी थोडी, तिथं ती अडखळतात आणि नवख्याच्या हातात उड्या मारतात. घरच्या पहिल्या मशीनला 8 ते 15 पुरे. बॉनेट आणि छपरावर 15 वालं सुखाचं, बंपरच्या वळणांवर 8 वालं आज्ञाधारक. चकती 5 इंची घ्या. 6 इंची पॅड छोट्या गाडीच्या दारावर कुठं ना कुठं कडेला लागतंच. त्याच मशीनला पुढे 3 इंची चकती लावू असं ठरवून घेऊ नका. आतलं वजन ठरावीक चकतीच्या हिशेबानं तोललेलं असतं, भलती चकती लावली की मशीन थरथरतं.

थरथर ही गोष्ट कागदावर कळत नाही. शक्य असेल तर दुकानात मशीन हातात घ्या, चालू करून मिनिटभर धरा. वजन साधारण अडीच किलोच्या आसपास असतं, पण एका गाडीला पूर्ण दिवस लागतो आणि संध्याकाळी हाताला मुंग्या येतात त्या थरथरीनं. चालू करताना एकदम झटका न देता हळू वेग घेणारं मशीन घ्या. वेगाची चकरी 1 ते 6 असावी आणि दाबल्यावर वेग फार पडू नये. पहिलं मशीन वायरचंच बरं. बॅटरीवालं सुटसुटीत खरं, पण अर्ध्या बॉनेटवर बॅटरी संपली की चहा पिऊन वाट बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्बन ब्रश कुठं मिळतात ते विचारा. आपल्या गावात मोटरची कामं करणारे कसबी हात भरपूर आहेत, पण त्यांना सुटा भाग तर मिळाला पाहिजे! नाव चमकदार आणि सुटे भाग शून्य, असं मशीन वर्षभरात माळ्यावर जातं.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. पहिली, ग्राइंडर. घरात चार इंची ग्राइंडर आहे, त्यालाच पॅड लावू, हा विचार आमच्या उद्यमबागेच्या हवेतच आहे. ग्राइंडर मिनिटाला 10,000 च्या वर फेरे घेतो. पॉलिशची रोटरीसुद्धा 600 ते 3,000 च्या दरम्यान चालते. ग्राइंडरवर पॅड फाटून उडेल, नाहीतर रंग प्रायमरपर्यंत जाईल, बहुधा दोन्ही. दुसरी, मोठ्या ताटाएवढं, वर टर्किश टॉवेलची टोपी चढवलेलं स्वस्त मशीन. ते वॅक्स पसरायचं यंत्र आहे. वाईट नाही, पण त्यानं ओरखडे जात नाहीत.

ओरखडे न जाता गेल्यासारखे दिसतात, ही वेगळीच कला. एका ओळखीच्यांनी त्यांची गाडी एका दुकानात "पॉलिश" करून आणली, आरशासारखी. दोन धुण्यांत जाळं जसंच्या तसं. तेलकट लेप ओरखड्यांत भरला होता, तो धुऊन गेला. बेळ्ळगिरोदेल्ल हालल्ल, असं सासूबाई म्हणतात ते इथं चपखल बसतं. म्हणून पॉलिश झाल्यावर तो भाग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मग टॉर्च धरायची. तेव्हा जे दिसतं ते खरं.

मशीनएवढाच पैसा मनात पॅडसाठीही बाजूला ठेवा. अगदी एवढाच नाही, पण एकूण रकमेचा तिसरा हिस्सा तरी. एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. ते गाळानं भरतं, तापतं, आतून फुटतं. कापणारी तीन आणि फिनिशिंगची तीन फोम पॅड हा माझा किमान हिशेब. पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं नारिंगी कडक असतं, दुसरीचं मऊ. लोकरीचं पॅड आता नको.

धारवाडला आम्ही 15 चं मशीन आणि 5 इंची चकती घेतली. गाडी धुतली, मग क्ले बार फिरवून रंगात रुतलेले कण काढले. हे न करता मशीन लावलं तर तेच कण पॅडखाली जातात. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मास्किंग टेप लावली, कारण त्यांवर कंपाउंड लागलं की पांढरे डाग बसतात. कमरेची लुंगी सोडून मेहुण्याला पँट घालायला लावली, वायर खांद्यावरून मागे घेतली. सैल पदर, ओढणी, लुंगी, काहीही फिरत्या पॅडजवळ नको.

पहिल्यांदा बॉनेटवर दोन फूट चौरस एवढाच तुकडा. सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश, वाटाण्याएवढे चार थेंब. पॅड आधी पत्र्यावर टेकवायचं, मगच बटण, नाहीतर पॉलिश आधी भिंतीवर आणि मग चष्म्यावर. वेग 4, हात सेकंदाला इंचभर. आधी आडवं, मग उभं, असं दोनदा. मेहुणा भिंत रंगवल्यासारखा भराभर जात होता. "निधान, निधान," करत मी मागे उभा. पुसून टॉर्च धरली तेव्हा निम्मं जाळं गेलं होतं. तेवढ्यावर समाधान मानायचं की कडक पॅड घ्यायचं, हे गाडीगणिक ठरतं. आम्ही एक पायरी वर चढलो, कारण कंपनीचा थर शाबूत होता. एक लांब ओरखडा नखाला अडकत होता, तो सोडून दिला. नखाला अडकणारा ओरखडा खोल असतो. त्याच्या मागे लागलात तर थर संपेल, ओरखडा संपणार नाही.

रंगवलेलं दार आम्ही मशीननं केलंच नाही. टिंकरिंगवाल्यानं तिथं पुट्टी किती आणि वरचा थर किती दिला, कोणाला ठाऊक! जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण ते पुट्टी-रंग सगळं मिळून एकच आकडा दाखवतं, वरचा थर वेगळा सांगत नाही. आणि साधं यंत्र प्लॅस्टिकच्या बंपरवर चालतच नाही. त्या दाराला हातानं सौम्य पॉलिश, बस. तुमची गाडी फार जुनी असेल, अ‍ॅम्बॅसॅडर किंवा पद्मिनीच्या काळातली, तर तिला क्लिअर कोट नसण्याचीच शक्यता जास्त. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तो थर रंगाचाच आहे. अशा गाडीला आणखी हळू.

दुपारी अप्पा खुर्ची घेऊन सावलीत येऊन बसले. बॉनेटचा अर्धा भाग झाला होता, अर्धा बाकी, मध्ये टेपची सरळ पट्टी. मेहुण्यानं टेप काढली. अप्पांनी चष्मा पुसला, वाकून दोन्हीकडे बघितलं.

"ई कडे याक हंगैती?" त्यांनी न झालेल्या बाजूकडे बोट दाखवलं.

मेहुणा गप्प. मी कन्नडमध्येच सांगितलं, की धुळीत वाळू असते, कोरडं पुसलं की ती घासते. कोणी पुसलं हे मी म्हटलं नाही.

"दिना ओरसतीनल्ला," अप्पा म्हणाले. मी रोज पुसतो ना. आणि मग बराच वेळ काहीच नाही. मेहुण्यानं माझ्याकडे असं बघितलं की मशीन माझ्याच डोक्यात घालेल. थोड्या वेळानं अप्पांनी विचारलं, "मग कसं पुसायचं?"

मी त्यांना पाण्याचा फवारा आणि मायक्रोफायबर दिलं. आधी फवारा, मग कापड एका रेषेत ओढायचं, गोल नाही, आणि प्रत्येक ओढीला घडी पालटायची. धूळ जाड असेल तर फवाराही नको, थेट नळीची धार. त्यांनी रंगवलेल्या दारावर करून बघितलं. तिसऱ्या घडीला मेहुण्याला म्हणाले, तुझा हात फार घाईचा आहे, माझ्याकडे बघ.

पूर्ण गाडीला आम्हाला दीड दिवस लागला. वर वॅक्सचा एक हात दिला, तो फार तर दोन-तीन महिने टिकतो आणि पुन्हा हातानंच देता येतो. मशीन त्यासाठी काढावं लागत नाही. पॅड कोमट पाण्यात साबणानं धुऊन, पिळून, सावलीत वाळत घातली. लग्नात गाडीवर फुलांच्या माळा आल्या, तेव्हा तारेची टोकं रंगाला लागू नयेत म्हणून अप्पांनी फुलवाल्याला प्रत्येक गाठीखाली कापड ठेवायला लावलं. मुहूर्ताला वीस मिनिटं उशीर झाला म्हणतात. मशीन सध्या मेहुण्याच्या शेजाऱ्याकडे आहे. सोबत पॅड दिली आहेत आणि चकतीवरची रेघ पुसू नका, असा निरोपही.